दाढीचा कल

गालावरून हात वरून खाली फिरवा. मग तोच हात खालून वर न्या. दोन दिवस दाढी केलेली नसेल तर पहिल्या वेळी मखमलीवरून हात फिरल्यासारखं वाटेल, दुसऱ्या वेळी खुंट बोटांना टोचतील. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. आता हेच गळ्यावर करून बघा. हनुवटीच्या खाली, कंठमण्याच्या डावीकडे, मग उजवीकडे, मग कानाच्या पाळीखाली जबड्याचं हाड जिथे वळतं तिथे. पुष्कळांना इथे पहिल्यांदाच कळतं की खाली येणाऱ्या हाताला टोचतंय आणि वर जाणारा हात सहज जातोय. काहींना वर-खाली दोन्हीकडे टोचतं आणि आडवा हात नेला की मग कुठे केस बसतात. जो चेहरा रोज सकाळी आरशात बघतो, त्याच्याविषयी ही साधी माहिती आपल्याकडे नसते. तरी त्यावरून रोज पातं फिरवतो.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गळ्याची आग, तांबडे पुरळ, कॉलर लागली की होणारी चुरचुर हे सगळं पुरुष मुकाट्याने अंगवळणी पाडून घेतात. ‘माझी स्किनच तशी आहे’ म्हणतात आणि क्रीम बदलतात. मग फोम, मग जेल, मग दोन पात्यांवरून तीन, तीनवरून पाच. केस कुठल्या दिशेला पडलेत हे मात्र कुणी विचारत नाही. दुकानदार विचारत नाही, जाहिरात विचारत नाही, आणि घरात वडीलही पहिला रेझर हातात देताना ‘जपून रे’ एवढंच म्हणतात.

माझ्या भाच्याने हे सगळं परत माझ्यासमोर आणलं. तो पोलीस भरतीत निवडला गेला आणि प्रशिक्षणाला गेला. तिथे सकाळच्या हजेरीआधी रोज गुळगुळीत दाढी हवी. घरी असताना तो आठवड्यातून दोनदा, कधी एकदाच दाढी करायचा, त्यामुळे काही जाणवलं नव्हतं. महिन्याभरात त्याचा फोन आला. ‘मामा, गळ्याची नुसती आग होतीय. कॉलर लागली की जीव जातोय.’ मी फोटो मागवला. जबड्याखाली दोन्ही बाजूंना तांबड्या पुळ्या होत्या, काहींच्या टोकाला पांढरं. फोटो मोठा करून बघितला तर दोन-तीन ठिकाणी कातडीच्या आत एक काळी बारीक कमान दिसत होती. केस बाहेर आला होता, वळला होता आणि परत आत शिरला होता.

त्याचे केस कुरळे आहेत, आमच्या ताईसारखे. दाढीही तशीच. मी विचारलं, ‘गळ्यावर दाढी कशी करतोस?’ म्हणाला, ‘कशी म्हणजे? वरनं खाली. जबड्यापासून एकदम गळपट्टीपर्यंत.’ गार पाणी, घाईत लावलेला फेस, तीन पात्यांचा रेझर आणि साफ निघावं म्हणून दिलेला दाब. त्याच्या खोलीतली बाकीची पोरंही तसंच करत होती आणि त्यांना काही होत नव्हतं. कुणी म्हणालं पाणी जड आहे, कुणी म्हणालं घामाने होतं.

केसाचं मूळ कातडीत सरळ उभं नसतं, तिरकं असतं. हा तिरकेपणा आईच्या पोटातच ठरतो. केसांची मुळं गर्भाच्या पहिल्या पाच-एक महिन्यांतच बसतात. जन्मानंतर नवी मुळं तयार होत नाहीत. बाळाच्या टाळूमागे भोवरा दिसतो तो त्याचाच. आपल्याकडे बाळ घरी आलं की बायका भोवरा आधी बघतात, दोन असले की ‘दोन लग्नं होणार’ म्हणून हसतात. डोक्यावरचा भोवरा असा सगळ्यांच्या कौतुकाचा असतो. पण अशी वळणं गळ्यावरही असतात, आणि ती कधी कुणी बघत नाही, कारण लहानपणी तिथे फक्त लव असते. वयात येताना पुरुषी संप्रेरकांमुळे त्याच मुळांतून जाड, काळा केस यायला लागतो. लव ज्या बाजूला निजलेली होती, दाढीही त्याच बाजूला निजते.

म्हणून लोक म्हणतात त्यातल्या दोन गोष्टी खऱ्या नाहीत. उलटी दाढी केल्याने केस उलटे येत नाहीत. आणि सारखी दाढी केल्याने ती दाट होत नाही. पातं कातडीच्या वर चालतं, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्या खुंटाचं तसं नसतं, म्हणून तो हाताला जाड लागतो, एवढंच. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी मिसरूड फुटलेल्या पोरांना अजून ‘रोज कर, म्हणजे भरेल’ असं सांगितलं जातं.

भाच्याला मी म्हटलं, ‘रविवारी परेड नसते ना? मग शनिवारी सकाळनंतर हात लावू नकोस.’ दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते. दीड-दोन दिवसांत बोटाला दिशा कळण्याइतकी ती होते. फार वाढवली तर कुरळा केस वळायला लागतो आणि मग दिशा कळेनाशी होते. रविवारी संध्याकाळी त्याने मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला. समोरून प्रकाश पाडला तर काही दिसत नाही, बाजूने पाडला की प्रत्येक खुंटाची सावली पडते. मग बोटाने चारी बाजूंनी चाचपायचं. बोटाला नीट कळत नसेल तिथे कापसाचा बोळा फिरवायचा. केसांच्या दिशेने नेला तर सरकतो, विरुद्ध नेला तर अडकतो आणि तंतू मागे राहतात. मी त्याला वहीच्या पानावर चेहऱ्याची बाह्यरेषा काढून त्यावर बाण काढायला सांगितलं होतं.

त्या पानाचा फोटो माझ्याकडे अजून आहे. गालांवर बाण खाली, पण कानाजवळ किंचित मागे झुकलेले. वरच्या ओठावर खाली आणि बाहेर. हनुवटीवर खाली. इथपर्यंत बहुतेकांचं असंच असतं. जबड्याच्या खाली मात्र उजवीकडे सगळे बाण वर, डावीकडे आडवे, कानाकडून कंठमण्याकडे. आणि डाव्या बाजूला खाली, गळपट्टीच्या दोन बोटं वर, एक गोल गोल रेघ. तिच्या शेजारी पेनाने लिहिलेलं: ‘मामा, इथं भोवरा आहे.’

म्हणजे वरून खाली एका हाताने ओढताना तो उजव्या गळ्यावर रोज पूर्ण उलटी दाढी करत होता, डाव्या गळ्यावर आडवी, आणि भोवऱ्यावर एकाच जागी सुलटी, आडवी आणि उलटी तिन्ही. ‘वरनं खाली म्हणजे सुलटं’ हा हिशोब गालापुरता खरा आहे. जाहिरातीत दाखवतात तो हात नेहमी गालावरचा असतो. चेहऱ्याचा तो सगळ्यात सोपा भाग. तिथे चुकणंच अवघड.

उलट्या हाताने नेमकं काय होतं? पातं केसाच्या विरुद्ध आलं की केस उचलला जातो, थोडा ओढला जातो आणि खालून कापला जातो. त्यातही दोन किंवा अधिक पाती असली तर पहिलं पातं केस ओढतं आणि तो मागे सरकायच्या आत दुसरं त्याला आणखी खाली कापतं. जिलेटने १९७१ मध्ये दोन पात्यांचा ‘ट्रॅक टू’ काढला तो याच विचारावर. हाताला त्यामुळे कमालीचं गुळगुळीत लागतं. पण कापलेलं टोक कातडीच्या पातळीखाली राहतं आणि तिरकं कापलं गेल्याने अणकुचीदार असतं. सरळ केस वाढला की सरळ बाहेर येतो. कुरळा केस वाढताना वळतो, आणि ते टोक बाहेर यायच्या ऐवजी मुळाच्या भिंतीतच घुसतं. किंवा बाहेर येतं, वळतं आणि शेजारच्या कातडीत परत शिरतं. भाच्याच्या फोटोतली काळी कमान ती ही. शरीर त्याला बाहेरून घुसलेलं कुसळ समजून लढायला लागतं, म्हणून पुळी. डॉक्टर याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. आफ्रिकी वंशाच्या, घट्ट कुरळे केस असलेल्या पुरुषांत हे फार आढळतं. अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांना यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दाढी थोडी राखायची मुभा वर्षानुवर्षं मिळत असे, २०२५ मध्ये ती बरीच आवळली गेली, आणि तिथे त्यावरून वादही झाले आहेत. ज्या माणसाचे केस जसे उगवतात त्याला त्याचा दोष लागू नये, असं मला तरी वाटतं.

हे सगळं ज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे ते लोक म्हणजे आपले न्हावी. आमच्याकडे सातारा भागात सलूनमध्ये शिरलं की समोर संत सेना महाराजांचा फोटो असतो, आणि शेजारी पुष्कळदा जिवा महाला. मी जिथे जातो तिथल्या काकांचा हात बघण्यासारखा आहे. खुर्चीत बसलं की ते आधी बाटलीतून पाणी उडवतात आणि तळहाताने दाढी भिजवतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी चोळतायत. पण त्या वेळी त्यांची बोटं कल वाचत असतात. एक हात वर जातो, एक आडवा जातो, जबड्याच्या कोपऱ्यावर क्षणभर थांबतो. मग ब्रशने फेस, तोही गोल गोल, केस उभे राहीपर्यंत. मग नवं ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात. डाव्या हाताच्या अंगठ्याने कातडी हलकेच धरतात आणि वस्तरा लहान लहान ओढीने चालवतात. एकदा मी विचारलं, ‘काका, डाव्या गळ्याला तुम्ही बाजूनं का घेता?’ म्हणाले, ‘तुमचा तिकडचा केस आडवा आहे. तिथं खाली ओढलं तर रक्त येतंय.’ त्यांनी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. पहिला हात झाला की दुसऱ्या हाताआधी ते विचारतात, ‘उलटा मारू का?’ काही गिऱ्हाइकांना मात्र ते विचारतच नाहीत. त्यांच्या गळ्याला उलटा हात चालणार नाही हे त्यांना माहीत असतं.

गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता. त्याच्या हातून तीच ती माणसं वर्षानुवर्षं जायची. बापाची दाढी, मग पोराची, मग नातवाची. कुणाचा गळा कुठल्या अंगाने घ्यायचा हे त्याच्या बोटांना पाठ असणार. पण ही जाण गावातल्या प्रत्येक गळ्याच्या वाट्याला येत नव्हती, हे साताऱ्यात बसून लिहिताना विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्यातल्या बालपणाविषयी लिहून ठेवलंय की गावात न्हावी नव्हते असं नाही, त्यांना पैसे द्यायची घरची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही तयार नव्हता. घरातल्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीण कापायची, आणि भावंडांवरच हात बसवत ती त्यात तरबेज झाली. ज्यांना शिकवायला कुणी नव्हतं त्यांनी ही विद्या घरच्या घरी, स्वतःच्या बोटांनी उभी केली. त्या बहिणीच्या हाताबद्दल मला फार आदर वाटतो.

मग सेफ्टी रेझर आला. किंग कॅम्प जिलेटला १९०४ मध्ये पातं बदलता येणाऱ्या अशा रेझरचं अमेरिकी पेटंट मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी, विक्रीच्या पहिल्या वर्षात, ५१ रेझर आणि १६८ पाती एवढीच खपली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि कोट्यवधी पाती घेतली, आणि ते सैनिक घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच. आपल्याकडे हे हळूहळू झालं, पण झालं. वस्तरा दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात आला. स्वातंत्र्य मिळालं, वेळ वाचला, पैसा वाचला. बोटांनी कल वाचायची ती रीत मात्र त्याच्याबरोबर आली नाही. ती सलूनमध्येच राहिली.

पाण्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण दिशा कळली आणि केस कोरडा असला तर उपयोग शून्य. केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजू दिला की तो कापायला कितीतरी कमी जोर लागतो. आपल्याकडे हे नेहमी जमतंच असं नाही. जिलेटने भारतासाठी बनवलेला एक रेझर आधी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासून पाहिला होता. इथे आल्यावर तो तुंबायला लागला, कारण तिथे नळाखाली धुणारे विद्यार्थी होते आणि इथे तांब्याभर पाण्यात, जमिनीवर बसून, हातात आरसा धरून दाढी करणारी माणसं. मग घरोघर जाऊन, बघून त्यांनी २०१० मध्ये एकाच पात्याचा ‘गार्ड’ काढला, १५ रुपयांचा, बदलायचं पातं ५ रुपयांना. मला यातली एकच गोष्ट इथे सांगायचीय: कुरळ्या दाढीला त्वचेचे डॉक्टर जो सल्ला देतात, एक पातं, कमी दाब, त्याच्या जवळ जाणारी वस्तू गल्लीतल्या किराणा दुकानात मिळते. त्यासाठी पाच पात्यांचं महागडं डोकं घ्यावं लागत नाही.

दाबाचंही तसंच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी कापली जाताना पाहिली. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असतं, तरी केस पात्याची धार तोडतो. केस वाकतो, पात्याला कोनात भिडतो, आणि धारेत जिथे पोलाद एकसारखं नसतं तिथला कपचा उडतो. म्हणजे पातं साधं ‘बोथट’ होत नाही, त्याच्या काठाला खाचा पडतात. अशा काठाने गळ्यावर जोर लावला तर केसाबरोबर कातडीही निघते. ओढायला लागलं की पातं टाकायचं. काटकसर इथे करू नये. आमच्या वडिलांच्या पिढीने एकेक ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासून धार लावून महिनाभर चालवलं, त्यांची परिस्थिती तशी होती. आज आपल्या पोरांना ते शिकवायची गरज नाही.

भाच्याने आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पुळ्यांसाठी मलम दिलं, चिमट्याने केस उपटू नकोस म्हणून बजावलं (उपटलेला केस परत येताना पुष्कळदा आत वळतो), आणि आत शिरलेली टोकं दिसतील तेवढीच निर्जंतुक सुईने हलकेच सोडवून घ्यायला सांगितलं. पुढचं आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं. आंघोळीनंतर दाढी, आधी नाही. एक पातं. उजव्या गळ्यावर खालून वर. ही गोष्ट त्याला पहिले दोन दिवस पटेचना, कारण त्याच्या डोक्यात वर जाणारा हात म्हणजे उलटा. डाव्या गळ्यावर कानाखालून कंठमण्याकडे आडवं. कातडी ताणायची नाही, कारण ताणून कापलेला केस सोडल्यावर आत जातो. सलूनमधल्या काकांचा अंगठा बघून लोक घरी कातडी ताणतात. काकांचा हात वेगळा, त्यांना किती धरायचं ते कळतं. आणि शेवटी गार पाणी, तुरटीचा ओला खडा, थोडा वेळ ठेवून धुऊन टाकायचा.

गालांवर हवा असेल तर दुसरा आडवा हात घ्यायला माझी हरकत नव्हती. गाल सोसतात. गळ्यावर मात्र दुसरा हात नाही. एवढ्याने गळा हाताला किंचित खरखरीत लागतो, दिसायला पूर्ण साफ दिसतो. हजेरीत दिसणं बघतात, कुणी गळ्यावरून बोट फिरवत नाही. बहुतेक पुरुषांनी गळ्यावरच्या त्या शेवटच्या गुळगुळीतपणाचा नाद सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो दुपारपर्यंत टिकतो आणि त्याची किंमत कातडी आठवडाभर मोजते.

पुळ्या लगेच गेल्या नाहीत. आत शिरलेले केस बाहेर यायला काही आठवडे घेतातच, तेवढा धीर धरावा लागतो. उजवी बाजू आधी निवळली, मग डावी. दिवाळीत तो घरी आला तेव्हा ताईने त्याची हनुवटी वर उचलून गळा उजेडात बघितला आणि काही न बोलता त्याला उटणं लावायला बसवलं.

भोवऱ्याचं मात्र अजून जमलेलं नाही. तिथे केस सगळ्या बाजूंना निघतात, त्यामुळे मधोमध कुठलीही एक दिशा सुलटी नसते. आम्ही दोन रीती करून पाहिल्या. भोवऱ्याच्या कडेकडेने, वळणाबरोबर, पात्याचा फक्त कोपरा लावून अर्ध्या इंचाच्या ओढी घ्यायच्या, ही एक. दुसरी म्हणजे तेवढी नाण्याएवढी जागा ट्रिमरने घ्यायची आणि पातं तिथे लावायचंच नाही. दुसरी त्याला सोसते, पण जवळून बघितलं तर तिथे सावली दिसते. सध्या तो एक दिवसाआड आलटून पालटून दोन्ही करतो.